मानसशास्त्र, प्रायोगिक : महाराष्ट्रातील वाटचाल

मानवाच्या व इतर प्राण्यांच्या वर्तनाचा आणि मानसिक प्रक्रियांचा शास्त्रीय पद्धतीने अभ्यास करणारे शास्त्र म्हणजे मानसशास्त्र. भारतात मनाचा विचार उपनिषदे, सांख्य, योग व बौद्ध दर्शने यांत अतिशय सूक्ष्मपणे झालेला आहे. तथापि मनासंबंधीचे एखादे विधान खरे की खोटे हे ठरविण्यासाठी मुद्दाम एक परिस्थिती निर्माण करावयाची, तीत एकच घटक बदलावयाचा, त्याचा परिणाम मोजावयाचा व तो दुसऱ्या कोणालाही पडताळता यावा अशा रीतीने नोंदवून ठेवावयाचा, ही पद्धती आधुनिक आहे. व्हिल्हेल्म व्हुंट (१८३२–१९२०) यांनी १८७९ मध्ये जर्मनीतील लाइपसिक येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन केली, तेव्हापासून या शास्त्राचे स्वतंत्र आयुष्य सुरू झाले असे सामान्यतः मानतात. भारतात कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये न. ना. सेनगुप्त यांच्या नेतृत्वाखाली या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्यानंतर १९२४ मध्ये म्हैसूर येथे असाच विभाग निघाला. पुणे विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग उभा राहण्यास १९५० हे वर्ष उजाडावे लागले, डॉ. कोठुरकर हे त्याचे आरंभीचे प्रमुख होत.

विद्यापीठांचा हा क्रम पाहिल्यास महाराष्ट्र या बाबतीत मागे राहिला असे वाटते. पण प्रयोगाचा इतिहास केवळ विभागांच्या स्थापनेवरून लिहिता येत नाही. विद्यापीठीय विभाग निघण्यापूर्वीच पुणे जिल्ह्यात व मुंबई इलाख्यात दोन ठिकाणी या पद्धतीची कसोटी लागली होती : एक लोणावळ्यास, योगाभ्यासाच्या दाव्यांच्या बाबतीत, आणि दुसरी मराठी व कन्नड मुलांच्या बुद्धिमापनाच्या बाबतीत. पहिल्या ठिकाणी अनुभवाने सिद्ध मानलेली गोष्ट उपकरणापुढे उभी राहिली. दुसऱ्या ठिकाणी प्रश्न उपकरणाचाच होता. या दोन्हींचा विचार केल्याखेरीज संशोधनपद्धती म्हणजे काय हे येथील वाचकास नुसत्या व्याख्यांवरून उमगणे कठीण आहे.

अंतर्निरीक्षण व त्याची मर्यादा : व्हुंट यांच्या प्रयोगशाळेतील एक प्रमुख साधन अंतर्निरीक्षण हे होते. प्रशिक्षित व्यक्तीने आपल्या संवेदना व भावना यांचे, त्या उद्भवत असतानाच, निरीक्षण करून निवेदन करावयाचे. योगमार्गातील साधकाचे अनुभवकथन याहून फार वेगळे नाही. किंबहुना एकाग्रतेच्या अभ्यासात तो लाइपसिकच्या विद्यार्थ्यापेक्षा सरसच ठरला असता. अडचण अशी, की दोन निरीक्षकांची निवेदने परस्परविरुद्ध आली म्हणजे त्यांत निवाडा करावयास तिसरे साधन उरत नाही. अमेरिकेत जॉन बी. वॉटसन यांनी १९१३ मध्ये वर्तनवादाची मांडणी केली आणि बाह्यतः दिसणारे वर्तन हाच अभ्यासविषय धरावा असा आग्रह धरला, त्यामागे हीच अडचण होती. वर्तनवादाने मनाचा विषयच टाळला, ही त्याची अतिरेकी बाजू पुढे सोडून द्यावी लागली. परंतु पुरावा सर्वांना पाहता आला पाहिजे, हा त्याचा आग्रह कायम राहिला.

लोणावळ्याचे प्रयोग : स्वामी कुवलयानंद (मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे, १८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळे येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली व त्याच वर्षी योगमीमांसा हे नियतकालिक काढले. तत्पूर्वी बडोद्यास त्यांनी उड्डियान व नौली या क्रियांचा क्ष-किरणांच्या व दाबमापकाच्या साहाय्याने अभ्यास केला होता. नौली करीत असताना मोठ्या आतड्यातील दाब वातावरणीय दाबापेक्षा कमी होतो, असे त्यांना आढळले; या स्थितीस त्यांनी आपल्या गुरूंच्या नावावरून ‘माधवदास निर्वात’ असे नाव दिले. शोध लहानसा, पण त्यातील भूमिका महत्त्वाची होती. परंपरेने सांगितलेली क्रिया त्यांनी श्रद्धेने आचरली आणि तिचे शरीरात नेमके काय होते हे यंत्राला विचारले. यंत्राचे उत्तर परंपरेच्या स्पष्टीकरणाशी जुळेलच असे त्यांनी गृहीत धरले नाही. योगाविषयी लिहिणाऱ्या अनेकांना हे साधलेले नाही.

या संस्थेकडे मानसशास्त्राचा प्रत्यक्ष संबंध आला तो कोवूर टी. बेहनन यांच्यामुळे. केरळातून अमेरिकेस गेलेले बेहनन येल विद्यापीठात मानसशास्त्राचे संशोधक होते. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते लोणावळ्यास आले, कुवलयानंदांकडे योगाभ्यास शिकले आणि येलला परतल्यावर स्वतःवरच प्रयोग केले. त्यांचा योगविषयक ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. उज्जायी प्राणायामानंतर लगेच बेरजा करणे, रंगांची नावे सांगणे यांसारखी साधी मानसिक कामे त्यांनी केली व वेळ मोजला. प्राणायामाने बुद्धी तल्लख होते अशी सर्वसाधारण समजूत. बेहनन यांना मात्र अभ्यासानंतर ही कामे काहीशी मंदावलेली आढळली. दीर्घकाळ योगाभ्यास करणाऱ्या व्यक्तींच्या ठिकाणी भावनिक स्थैर्य व प्रसन्नता दिसते, असेही त्यांनी लिहिले आहे. परंतु हे निरीक्षण होते, मापन नव्हे, आणि त्यांनी या दोहोंची सरमिसळ होऊ दिली नाही. प्राणायामाच्या वेळी शरीर ऑक्सिजन कमी वापरते ही आणखी एक समजूत. बेहनन यांच्यावर घेतलेल्या मापनांचा वृत्तांत येलचे वॉल्टर माइल्स यांनी पुढे १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार उज्जायीत ऑक्सिजनचा वापर सु. २४·५ टक्क्यांनी, भस्त्रिकेत १८·५ टक्क्यांनी व कपालभातीत १२ टक्क्यांनी वाढला होता.

या प्रयोगांचे उणेपणही सांगितले पाहिजे. प्रयोगकर्ता व प्रयुक्त एकच होता. प्रयोग करणाऱ्यास काय आढळावे याची अपेक्षा असतेच, आणि ती नकळत निष्कर्षात उतरते. तीच ती कामे रोज केल्याने सराव होतो, कंटाळाही येतो. परिणाम प्राणायामाचा की सरावाचा, हे वेगळे करावयाचे तर प्राणायामाऐवजी तेवढाच वेळ नुसते स्वस्थ बसण्याचीही तुलना लागते. अशा तुलनेला नियंत्रण असे म्हणतात. प्रयोगकर्ता मुद्दाम बदलतो तो घटक म्हणजे स्वतंत्र परिवर्त्य. ज्याच्यावरील परिणाम मोजावयाचा तो अवलंबी परिवर्त्य. आणि या दोहोंखेरीज जे जे बदलू शकते ते सर्व स्थिर ठेवणे म्हणजे नियंत्रण होय. एकाच व्यक्तीवरील प्रयोगाने एखादी गोष्ट संभवते एवढे कळते. ती सर्वसामान्यतः घडते हे कळत नाही.

हृदय थांबविण्याचा दावा : १९३५ मध्ये फ्रेंच हृद्‌रोगतज्ञ तेरेझ ब्रॉस या भारतात आल्या व त्यांनी योगी व्यक्तींचे हृदयविद्युत् आलेख घेतले. त्यांपैकी एका आलेखात हृदयाची विद्युत् स्पंदने जवळजवळ शून्यावर आलेली दिसत होती. इच्छामात्रे हृदय थांबविता येते, यास जणू शास्त्रीय प्रमाण मिळाले असे मानून हा आलेख वर्षानुवर्षे उद्‌धृत केला गेला. मेंदूच्या दृष्टीने हा दावा असाधारण आहे. हात उचलणे ही क्रिया प्रमस्तिष्काच्या प्रेरक क्षेत्राकडून ऐच्छिक स्नायूंना आज्ञा जाऊन होते. हृदयाची लय मात्र हृदयातच उत्पन्न होते आणि तिची गती स्वायत्त तंत्रिका तंत्र कमीअधिक करते : लंबमज्जेपासून निघणारी प्राणेशा तंत्रिका ती मंद करते, तर अनुकंपी तंत्रिका वाढवितात. या तंत्रावर अधोथॅलॅमसाचा अंमल असतो आणि भावनांचा परिणाम याच मार्गाने हृदयापर्यंत पोहोचतो. भीतीने छाती धडधडते. पण ‘धडधडू नको’ म्हटल्याने ती थांबत नाही.

कॅलिफोर्नियाचे एम. ए. वेंगर व मिशिगनचे बसू कुमार बागची हे दोघे १९५७ मध्ये वाहून नेता येतील अशी आलेखनयंत्रे घेऊन भारतभर फिरले. कैवल्यधाम हे त्यांच्या कामाचे एक मुख्य ठिकाण होते. दिल्लीचे शरीरक्रियावैज्ञानिक बी. के. आनंद हेही त्यांना येऊन मिळाले. आनंद यांनी १९५१ मध्ये ब्रोबेक यांच्यासह उंदराच्या अधोथॅलॅमसातील भुकेचे केंद्र दाखवून दिले होते. हृदयनियंत्रणाचा दावा असलेल्या चार व्यक्तींचा या तिघांनी अभ्यास केला व १९६१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हृदय थांबविताना या व्यक्ती श्वास रोखून, कंठद्वार बंद करून छाती व पोटाचे स्नायू जोराने आवळत. त्यामुळे छातीच्या पोकळीतील दाब वाढतो, नीलांतून हृदयाकडे परत येणारे रक्त घटते, हृदयध्वनी क्षीण होतो व स्नायूंच्या आवाजात तो बुडून जातो. मनगटाची नाडी बोटांना लागेनाशी होते. नाडी पाहणाऱ्या वैद्यास हृदय थांबले असे वाटणे अगदी स्वाभाविक होते. पण संवेदनशील यंत्राने बोटाच्या टोकाशी नाडीचे तरंग नोंदविले आणि हृदयविद्युत् आलेखात हृदयाचे आकुंचन अखंड चालू असल्याचे दिसले. छातीतील दाबामुळे हृदयाचा विद्युत् अक्ष मात्र फिरतो. ब्रॉस यांचा प्रसिद्ध आलेख एकाच जोडणीतून घेतलेला होता. त्या जोडणीत स्पंदन लहान दिसण्यास एवढे कारण पुरेसे होते. चौथ्या व्यक्तीने हृदय थांबविण्याचा नव्हे, तर मंद करण्याचा दावा केला होता, आणि ते त्यास काही प्रमाणात साधलेही.

या संशोधनाचा उल्लेख पुष्कळदा ‘योग्यांचे बिंग फुटले’ अशा सुरात केला जातो. तो अन्यायाचा आहे. या व्यक्तींनी फसवणूक केली नव्हती. त्यांना आतून जे जाणवत होते ते खरे होते, त्यांचा अर्थ चुकला होता. आणि ब्रॉस यांचे यंत्रही खोटे बोलले नव्हते. एकाच बाजूने पाहिले तर यंत्रही अंतर्निरीक्षणाइतकेच फसवू शकते, ही या प्रकरणातील खरी शिकवण होय. लोणावळ्यास पुढे हवाबंद खड्ड्यात राहण्याचे प्रयोग झाले (१९६०–७० च्या दशकात), तेव्हा योगाभ्यासी व्यक्तीबरोबरच योगाचा विशेष अनुभव नसलेल्यांनाही खड्ड्यात बसविले गेले. नियंत्रणाचे तत्त्व तोवर येथे पुरते रुजले होते.

मेंदूचे आलेख : मेंदूच्या कार्याविषयीचे पहिले निश्चित ज्ञान आजार व अपघात यांनी दिले. पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये वाचा गेलेल्या एका रुग्णाच्या मृत्यूनंतर त्याच्या डाव्या ललाटखंडातील विकृती दाखविली व वाणीचे स्थान निश्चित केले. कार्ल व्हेर्निके यांनी १८७४ मध्ये भाषेच्या आकलनाशी संबंधित दुसरे क्षेत्र दाखविले. निरोगी माणसाचा मेंदू काम करीत असताना पाहण्याची सोय मात्र नव्हती. हान्स बेर्गर यांनी जर्मनीतील येना येथे १९२४ मध्ये, म्हणजे कैवल्यधामच्या स्थापनेच्याच वर्षी, माणसाच्या डोक्यावरून पहिला मस्तिष्कविद्युत् आलेख घेतला व १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. डोळे मिटून स्वस्थ असलेल्या व्यक्तीत दर सेकंदास ८ ते १३ आवर्तनांचा आल्फा तरंग दिसतो आणि डोळे उघडताच किंवा आवाज होताच तो लोपतो.

ध्यानाच्या अभ्यासास हा तरंग सोयीचा होता. वेंगर व बागची यांना ध्यानस्थ व्यक्तींत विश्रांतीची खोल अवस्था आढळली, पण ध्यानाचा म्हणून वेगळा असा आलेख आढळला नाही. आनंद, छिना व बलदेव सिंग यांनी दिल्लीत केलेल्या व १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ध्यानस्थ योग्यांचा आल्फा तरंग प्रकाश, आवाज वा तापलेल्या काचनळीच्या स्पर्शानेही लोपला नाही; अन्य दोघांनी ४° से. तपमानाच्या पाण्यात पाऊण तासाहून अधिक वेळ हात ठेवला तरी तो टिकून राहिला. दोन अभ्यासांचे निष्कर्ष भिन्न, प्रयुक्त मोजके, ध्यानाचे प्रकार निरनिराळे. अशा वेळी एकाला खरे व दुसऱ्याला खोटे ठरविण्याची घाई न करणे हेच शास्त्राचे काम. १९९० नंतर चुंबकीय अनुस्पंदनावर आधारलेल्या प्रतिमांनी मेंदूच्या आतील रक्तप्रवाहातील बदल दिसू लागले आहेत, परंतु थोड्या प्रयुक्तांवरून मोठा निष्कर्ष काढण्याचा दोष त्यांतही शिरला. २०१५ मध्ये मानसशास्त्रातील १०० प्रसिद्ध अभ्यासांची पुनरावृत्ती करून पाहण्यात आली, तेव्हा सु. ३६ टक्के अभ्यासांतच पुन्हा सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष मिळाला.

उपचाराच्या क्षेत्रात नियंत्रणाचे उत्तम उदाहरण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात घडले. डॉ. वाहिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी पातंजल योगाच्या कल्पनांवर आधारलेली उपचारपद्धती मज्जाविकृतीच्या व मनोकायिक रुग्णांवर योजली (निष्कर्ष १९७३). तुलनेसाठी दुसऱ्या गटास बाह्यतः तशीच दिसणारी आसने व श्वसन दिले, पण एकाग्रतेचा भाग वगळला. दोन्ही गटांना आपणांवर उपचार होत आहेत असेच वाटत होते. नुसत्या विश्वासाने किती बरे वाटते हे त्यामुळे वेगळे काढता आले. पूर्ण उपचार मिळालेल्या गटात सुधारणा अधिक दिसून आली.

बुद्धिमापन : दुसरा प्रवाह शाळांमधून आला. फ्रान्समध्ये आल्फ्रेद बीने व तेओदोर सीमाँ यांनी १९०५ मध्ये, शाळेत मागे पडणारी मुले ओळखता यावीत यासाठी, चढत्या काठिण्याच्या प्रश्नांची मालिका तयार केली. अमेरिकेत टर्मन यांनी १९१६ मध्ये तिची स्टॅनफर्ड आवृत्ती केली. मुंबई इलाख्यात व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड परिसरात मराठी व कन्नड भाषिक मुलांसाठी ती नव्याने रचली. त्यांचा निबंध १९३४ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात आला आणि भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. लाहोरचे सी. एच. राइस यांची हिंदुस्थानी कसोटी (१९२९) त्यापूर्वीची होती.

हे काम भाषांतराचे नव्हते. टर्मन यांच्या मालिकेत यमके जुळविण्याचा प्रश्न होता. इंग्रजी यमकाचे मराठीत भाषांतर होत नाही, नवीनच शोधावे लागते व ते त्याच वयाच्या मुलास तितकेच सोपे वा कठीण आहे की नाही हे शेकडो मुलांना विचारून पाहावे लागते. नाण्यांची नावे सांगण्याचा प्रश्न होता. येथे तो आणे-पैशांत विचारावयाचा, आणि १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आल्यावर तोही जुना होणार. कोणत्या वयाच्या बहुसंख्य मुलांना एखादा प्रश्न सुटतो हे पाहून त्याचे स्थान ठरविणे, यास प्रमाणीकरण म्हणतात. पुन्हा मोजले असता उत्तर तेच यावे ही विश्वसनीयता, आणि जे मोजावयाचे तेच मोजले जावे ही सप्रमाणता. कसोटी विश्वसनीय असूनही सप्रमाण नसणे शक्य असते. बुद्धीऐवजी ती शहरात राहण्याचा परिणाम मोजीत असेल, आणि तो अगदी अचूक मोजीत असेल.

पुणे जिल्ह्यातच याचा प्रत्यय येतो. पुणे शहरातील सदाशिव पेठेतले मूल आणि भोर तालुक्यातील भोंगवलीचे शेतकरी कुटुंबातले मूल यांच्या कानांवर पडणारी मराठी एक नाही. वेल्हे परिसरातील भातशेती करणाऱ्या घरच्या मुलास खाचर, इरले, दाढ भाजणे हे शब्द पाचव्या वर्षी ठाऊक असतात. शब्दसंग्रहाच्या कसोटीत ते नसतात. ज्या शब्दांवर त्याची परीक्षा घेतली जाते, ते त्याने पुस्तकाखेरीज कोठे ऐकलेले नसतात. ही अडचण ओळखून चंद्रमोहन भाटिया यांनी उत्तर प्रदेशात ११ ते १६ वयाच्या मुलांसाठी ठोकळे, आकृती व चित्रे यांवर आधारलेली कृतिकसोटी तयार केली (१९५५) व साक्षर आणि निरक्षर मुलांची मानके वेगळी दिली. महाराष्ट्रात नागपूरचे आर्थर मालिन यांनी १९६९ मध्ये वेक्स्लर यांच्या मुलांसाठीच्या कसोटीची भारतीय आवृत्ती केली, तीत शाब्दिक व कृतिप्रधान असे दोन्ही भाग आहेत.

पुण्यात वि. वि. पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली. तेथील मानसशास्त्रीय कामाचा पाया गिल्फर्ड यांचा बुद्धिरचनेचा सिद्धांत हा होता : बुद्धी ही एकच राशी नसून अनेक स्वतंत्र क्षमतांचा समूह आहे. मागे पडणाऱ्यांना शोधण्यासाठी जन्मलेले साधन येथे प्रज्ञावंतांच्या शोधासाठी वापरले गेले. या संस्थेचे ग्रामीण कार्य शिवगंगा व गुंजवणी या नद्यांच्या खोऱ्यांत, म्हणजे भोर-वेल्ह्याच्याच मुलखात, पसरलेले आहे. तेथील मुलांना मोजण्याआधी त्यांची भाषा शिकणे किती आवश्यक आहे, हे अशा कार्यात उतरलेल्यांना निराळे सांगावे लागत नाही.

मानकांचा आणखी एक दोष काळाने उघड केला. न्यूझीलंडचे जेम्स फ्लिन यांनी १९८४ व १९८७ मध्ये दाखवून दिले, की अनेक देशांत पिढीगणिक बुद्धिकसोट्यांवरील गुण वाढत गेले आहेत. जुन्या मानकांशी तुलना केल्यास आजचे मूल वस्तुस्थितीपेक्षा वरचे ठरते. कामत व मालिन यांच्या कसोट्या त्यांच्या रचनेनंतर अनेक दशके रुग्णालयांत बौद्धिक अक्षमतेच्या निदानासाठी व प्रमाणपत्रांसाठी वापरात राहिल्या. बुद्धिगुणांक ७० च्या आसपास असलेल्या मुलाच्या बाबतीत चार-पाच गुणांचा फरक म्हणजे प्रमाणपत्र मिळणे वा न मिळणे, आणि त्याबरोबर शिष्यवृत्ती, परीक्षेतील सवलत, विशेष शिक्षण यांवरील हक्क. जुन्या मानकांमुळे वाढलेल्या गुणांनी हे मूल मदतीबाहेर राहू शकते. अपरिचित शब्दांमुळे घटलेल्या गुणांनी दुसरे एखादे मूल अक्षम ठरू शकते. या दोन चुका एकमेकींना भरून काढीत नाहीत, कारण त्या निरनिराळ्या मुलांच्या वाट्याला येतात. म्हणून कसोटीच्या गुणांबरोबर मुलाची घरातील व गावातील दैनंदिन कामे स्वतः करण्याची क्षमताही तपासण्याची पद्धत निदानात रूढ झाली आहे; तिच्यासाठी आईवडिलांशी त्यांच्याच बोलीत सविस्तर बोलावे लागते.